धूर कुणाच्या खिडकीत जातो

“अख्खा खांदा? कशाला? तुकडे करून देतो ना.”

वांद्र्याच्या पोर्कवाल्याची सुरी हवेतच थांबली. मुंबईत मटण घ्या, कोंबडी घ्या नाहीतर पोर्क, दुकानदाराचा प्रश्न एकच असतो, तुकडे मोठे की बारीक. अख्खं काही मागणारा माणूस एक तर हॉटेलवाला असतो, नाहीतर यूट्यूब बघून बिघडलेला. मी दुसऱ्या जातीतला. पुढच्या पायाचा वरचा भाग, हाडासकट, कातडं उतरवून पण चरबीचा बोटभर थर ठेवून, असं मी पाठ करून गेलो होतो. काट्यावर तो दोन किलो नऊशे भरला.

“करणार काय ह्याचं?”

“धुरावर शिजवणार. दहा तास.”

त्याने मागे वळून बायकोला सांगितलं, “दहा तास, ऐकलंस?” आणि पिशवीत मूठभर चरबी फुकट टाकली. माझी दया आली असावी.

हे खूळ डोक्यात शिरलं २०१८ साली. कंपनीने तीन आठवड्यांसाठी ऑस्टिनला पाठवलं होतं. तिथून पाऊण तासावर लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे, टेक्सासच्या विधिमंडळाने ज्याला राज्याची बार्बेक्यूची राजधानी म्हणून जाहीर केलंय. १९०० साली सुरू झालेल्या क्राइट्स मार्केटमध्ये ऑफिसातले लोक मला घेऊन गेले. दुकान मुळात खाटकाचं. त्या भागात जर्मन आणि चेक वंशाचे खाटीक, दुकानात उरलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून धुरावर ठेवायचे, त्यातूनच तिथलं बार्बेक्यू वाढलं. विटांच्या लांबलचक भट्ट्या, एका टोकाला ओकचे ओंडके जळतायत आणि मांस दुसरीकडे. ज्वाळ मांसाला शिवतच नाही, फक्त ऊब आणि धूर भट्टीतून ओढला जातो. मांस वजन करून तपकिरी कागदावर देतात. या दुकानाने कित्येक दशकं काटे आणि सॉस ठेवलेच नव्हते म्हणे. आम्हीही हातानेच जेवलो, त्यात माझी काही अडचण नव्हती.

अडचण दुसरीच होती. मी बीफ खात नाही. जिथे लोक ब्रिस्केटसाठी, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसासाठी, मैलोन्मैल गाडी हाणत येतात, तिथे जाऊन मी पोर्क चॉप मागवली. लग्नाला जाऊन नुसता मठ्ठा पिऊन येण्यातला प्रकार. पण ती चॉप! वर मिरीचा काळा खरपूस थर, आत गुलाबी, आणि गंमत म्हणजे धूर पहिल्या घासाला लागतच नव्हता. घास गिळल्यावर तो मागून नाकात येत होता. त्या वासाने मला टेक्सासात बसून वडिलांचा शर्ट आठवला.

वडील फोर्टात बँकेत होते. पगाराच्या दिवशी ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत बडेमियाँकडे जायचे. १९४६ पासूनची ती जागा. उभ्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून सीग कबाब आणि रुमाली रोटी खायची, ही तिथली रीत. घरी येऊन सांगायचे, “ऑफिसात उशीर झाला, भूक नाहीये.” आई काही बोलायची नाही. रात्री शर्ट दोरीवर टाकताना फक्त म्हणायची, “आज बँकेत कोळसे पेटवले होते वाटतं.” एकदा मला घेऊन गेले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कोळशावर चरबी ठिबकून भक्कन ज्वाळ उठली की मी मागे सरकायचो आणि सळया फिरवणारा माणूस हसायचा. गाडी कोणाची होती देव जाणे. तिच्या बॉनेटवर माझा कांदा सांडला होता.

टेक्सासहून परत आलो आणि मुंबईत धूर शोधत खात सुटलो. आपल्याकडे धूर दोन तऱ्हांनी जेवणात येतो, हे तेव्हा नीट कळलं. एक धुंगार. बोहरी मित्राच्या घरी थाळाभोवती बसलो होतो. चिमूटभर मीठ चाखून जेवण सुरू झालं आणि पहिले खिम्याचे समोसे आले. त्याच्या आईने नंतर स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. शिजलेल्या खिम्यात मधोमध वाटी, वाटीत रसरशीत निखारा, निखाऱ्यावर तुपाची धार आणि वर लगेच झाकण. पाच मिनिटं, बस. हा धूर म्हणजे वरून पेरलेली कोथिंबीर. शिजवण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी तऱ्हा सांताक्रूझ पूर्वेला सापडली, ईशान्येकडच्या मुलांनी चालवलेल्या एका चार टेबलांच्या खाणावळीत. नागा पद्धतीचं धुरावलेलं पोर्क आणि आंबवलेले बांबूचे कोंब. ते पोर्क चुलीच्या वर टांगून दिवसचे दिवस वाळवलेलं असतं. चव खमंग वगैरे नाही, तर करकरीत, जुन्या घराच्या आढ्यासारखी. चालवणाऱ्या मुलीला विचारलं, मांस इथे धुरावता का? म्हणाली, गावाहून येतं, इथे कुठे करणार, मालक घराबाहेर काढेल. घरी सोयाबीन आंबवलं तरी शेजारी तक्रार करतात म्हणाली. तेव्हा मी मान हलवली आणि दुसरी प्लेट मागवली. तिच्या बोलण्यात माझ्यासाठी इशारा होता, हे कळायला पुढे चार-पाच वर्षं जावी लागली.

आणि पोपटी. अलिबागकडचे मित्र असले की थंडीत हे आमंत्रण येतंच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने कुणीतरी अनुभवी माणूस मडक्यावर पाणी शिंपडतो आणि चुर्र आवाजावरून सांगतो, झालं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. शेताच्या मधोमध एवढा धूर होतो आणि त्याबद्दल चकार शब्द कोणी काढत नाही, कारण जवळचं घर दोन शेतं सोडून असतं. तिथेच मला वाटलं की मातीच्या भांड्यात आपल्यालाही जमेल. शेतं मात्र मी हिशेबात धरली नाहीत.

मी विलेपार्ल्याला राहतो, पूर्वेला. विमानतळामुळे आमच्याकडे इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. जुन्या सोसायट्या चार मजल्यांच्या, एकमेकींना खेटून, मध्ये एखादा नारळ. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या देवघरातली समई दिसते. अशा ठिकाणी दहा तास धूर करायचा बेत मी २०२२च्या नोव्हेंबरात पक्का केला. सेक्रेटरी काकांनी परवानगी दिली, पण त्यांना बार्बेक्यू म्हणजे तासाभराचं पनीर टिक्का प्रकरण वाटलं असणार. मीही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

भांडं आणायला धारावीच्या कुंभारवाड्यात गेलो. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत भट्ट्या, आणि त्यात जळण म्हणून कापडाच्या चिंध्या. दुपारी भट्टी लागली होती. पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी आलं. कुंभारकाकू त्याच धुरात बसून पणत्या मोजत होत्या. मी मोठा रांजण पसंत केला, त्याला खाली हवेसाठी भोक पाडून मागितलं. काकांनी विचारलं, पाणी कुठून भरणार मग? मी सांगितलं, पाणी नाही, विस्तव. त्यांनी स्वच्छ सांगितलं, “फुटेल.” मी ऐकलं नाही. विस्तवाला सोसेल अशी माती वेगळी मळतात, पाण्याच्या भांड्याची वेगळी. पहिल्याच दिवशी मी खाली टोपलीभर निखारे ओतले आणि दहाव्या मिनिटाला टक् असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फोडल्यासारखा. रांजण वरपासून खालपर्यंत उभा चिरला. आता त्यात कढीपत्ता लावलाय, छान वाढलाय.

मग शहाणपणा केला. हॉटेलांना तंदूर पुरवणाऱ्या एका कारागिराकडून लहान भट्टी घेतली. पत्र्याचं पिंप, आत मातीचा तंदूर, दोन्हींच्या मध्ये उष्णता धरून ठेवणारं भरण, खाली हवेचं दार. जपानी लोकांचं मातीचं कामादो म्हणून जे भांडं अमेरिकेत भरमसाट किमतीला विकतात, ते तत्त्वाने याचंच भावंडं. फरक एवढाच की तंदूर हा धावायला शिकवलेला घोडा आहे. तो चारशे अंशांवर नान भाजायला जन्मलाय. मला त्याला एकशेदहा अंश सेल्सिअसवर दहा तास चालवायचा होता.

त्यासाठी केलेल्या उचापतींपैकी कामाच्या दोनच सांगतो. तोंडावर दोन सळया आडव्या टाकून त्यांना आकड्यांनी जाळी टांगली, आणि जाळीच्या खाली, निखाऱ्यांच्या वर, पाण्याची परात. परातीमुळे विस्तवाची थेट झळ अडते आणि आतली हवा कोरडी पडत नाही. दुसरं म्हणजे हवेच्या दारापुढे कौलाचा तुकडा. तो बोटभर सरकवला की पाऊण तासाने वीस अंशांचा फरक पडतो. पाऊण तासाने, लगेच नाही. सुरुवातीला मी दर पाच मिनिटांनी कौल सरकवायचो आणि पारा माझ्याशी शिवाशिवी खेळायचा.

पहिला प्रयोग जानेवारीत केला, दोन कोंबड्यांवर. लाकूड आंब्याचं. पावसाळ्याआधी सोसायटीच्या झाडाच्या फांद्या छाटल्या होत्या, त्या टाकीखाली ठेवलेल्या. बाहेरून खडखडीत वाटत होत्या, पण आतून पावसाळा प्यायलेल्या. सकाळी सातला पेटवलं. झाकणातून पांढराशुभ्र, दाट, लोकरीसारखा धूर यायला लागला आणि मला काय आनंद! फोटो काढले. नंतर वाचलं की हाच तो वाईट धूर. ओलसर लाकूड धुमसतं, नीट जळत नाही, आणि त्यातून निघणारं डांबरासारखं कडू द्रव्य मांसावर बसतं. चांगला धूर जवळजवळ दिसत नाही. उन्हाच्या दिशेने पाहिलं तर निळसर पुसट रेघ दिसते, तेवढीच.

कोंबड्या बुटाला पॉलिश केल्यासारख्या काळ्या तुकतुकीत झाल्या. खाल्ल्यावर जीभ बधिर. ते जाऊ दे. थंडीतल्या पहाटे मुंबईत वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून पडते. धूर वर जात नाही, खाली उतरतो. माझा धूर शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर उतरला. साडेआठला सेक्रेटरी काका तोंडाला पंचा लावून वर आले. “अहो, काय जाळताय काय? तिकडे आजोबांना वाफारा द्यायला लागला.”

त्या आजोबांना दमा होता. मला माहीत नव्हतं. म्हणजे समई रोज दिसायची, समईपुढे बसणारा माणूस माहीत नव्हता. विस्तवावर पाणी ओतलं आणि तसाच काळ्या हातांनी माफी मागायला गेलो. आजोबा नळी नाकाला लावून बसले होते. त्यांनी हातानेच ‘असू दे’ अशी खूण केली. सूनबाई मात्र दारातूनच म्हणाल्या, “गावाला जाऊन करा ना असलं.” उत्तर द्यायला तोंड नव्हतं. कुंभारवाड्यात मी पाच मिनिटांत डोळे पुसत बाहेर पडलो होतो. इथे मी स्वतःच भट्टी लावली होती, तीही हौसेखातर.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर भट्टीवर ताडपत्री. त्या वर्षात दोन गोष्टी केल्या. एक, वाऱ्याची वही. हसू नका. मुंबईत दुपारपासून वारा समुद्रावरून येतो, पश्चिमेकडून. रात्री उशिरा तो उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे, पण अगदी मंद. गच्चीवर उदबत्ती लावून मी ते पंधरा दिवस लिहून काढलं. बायकोने आईला सांगितलं, आई म्हणाली, “लावतोय ना उदबत्ती, लावू दे. एरवी कुठे लावतो.”

दुसरी गोष्ट लाकूड. वसईला माझा एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातला, मित्र आहे, त्याच्या वाडीत पेरूची जुनी झाडं आहेत. तिथल्या छाटलेल्या फांद्या मी मनगटाएवढ्या जाडीच्या कापून आणल्या आणि सात-आठ महिने सावलीत वाळवल्या. वखारीतला भुसा स्वस्त मिळतो, पण घेऊ नका. त्यात प्लायवूडचा भुसा मिसळलेला असतो आणि त्यातला डिंक आपल्या पोटात जायला नको. हिकरीचे परदेशी तुकडे ऑनलाइन मिळतात, भाव विचारू नका. आणखी एक नवल कळलं. टेक्सासातल्या लोकांचं ते नावाजलेलं मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं चुलत भावंडं. आपल्याकडे रस्त्याकडेला माजलेली, कुणाला नको असलेली ती काटेरी बाभूळ! तिचा धूर भलता उग्र आहे. मी एकदा वापरला आणि पेरूकडे परत आलो. पेरूचा धूर गोडसर आणि सौम्य. त्या वाडीतल्या मित्राच्या आईने त्यांचा घरगुती बॉटल मसालाही बाटलीभर दिला. पूर्वी बियरच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवायचे म्हणून हे नाव.

आणि तिसरी गोष्ट, जी मी केली नाही, आपोआप झाली. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली. दिवाळीनंतर सगळी बिऱ्हाडं भाड्याच्या घरी गेली, आजोबा गोरेगावला. भंगारवाल्यांनी दारं-खिडक्या चौकटींसकट उचकटून नेल्या. पाडायचं काम मात्र कुठल्यातरी कागदावर अडलं. २०२३च्या डिसेंबरात माझ्या पश्चिमेला चार मजले रिकाम्या भोकांची इमारत उभी होती आणि रात्रीचा वारा नेमका तिकडे जाणारा.

तोच तो वांद्र्याचा खांदा. आदल्या दुपारी त्याला मीठ, मिरी, गुळाची पूड आणि बॉटल मसाला चोळून फ्रिजमध्ये ठेवला. त्याआधी आईने तिची लोणची, दूध आणि देवाचं लोणी असा सगळा संसार वरच्या कप्प्यात हलवला. आमच्याकडे मासे-मटण चालतं, पोर्क आई खात नाही. रात्री साडेदहाला कोळसे पेटवले. निखारे राखाडी झाल्यावर पेरूचे दोन तुकडे टाकले आणि झाकणाच्या भोकातून काहीच येत नाहीये असं वाटेपर्यंत थांबलो. विजेरी मारली तेव्हा निळी रेघ दिसली. अकराला खांदा जाळीवर गेला.

रात्रीचं पार्लं निराळं असतं. शेवटची लोकल गेली की स्टेशनाकडून येणारी घोषणा बंद होते, विमानं मात्र चालूच. दर विमानाला मी वर बघायचो, मग थर्मामीटरकडे. एक सुई भट्टीच्या हवेत, एक खांद्यात. एकला खांद्यात एकोणचाळीस अंश. तीनला अठ्ठावन्न. तासातासाने कोकमाच्या आगळात पाणी घालून फवारा मारत होतो. अमेरिकन लोक सफरचंदाचं व्हिनेगर मारतात, माझ्याकडे मालवणहून आलेला आगळ होता.

साडेचारला अडुसष्ट, पाचला अडुसष्ट, आणि पावणेसहालाही अडुसष्टच.

याबद्दल वाचलं होतं, तरी पोटात गोळा आला. भट्टी एकशेदहावर स्थिर, आणि मांस ढिम्म हलत नाही. कोळसे वाढवावेत असा मोह होतो, आणि तिथेच माणूस मांस वाळवून ठेवतो. कारण अगदी घरगुती आहे, माठातलं पाणी गार का होतं, तेच. मांसाला घाम फुटतो, तो घाम उडताना उष्णता घेऊन जातो, आणि जेवढी ऊब खालून येते तेवढी वरून निघून जाते. पृष्ठभाग कोरडा झाला की पारा पुन्हा चढतो, नाहीतर मांस गुंडाळून घाम उडायचाच बंद करायचा.

सहाला आई चहाचा थर्मास घेऊन वर आली. दुसऱ्या हातात दोन वांगी. “एवढा विस्तव फुकट जाळतोयस, ही ठेव बाजूला.” मी म्हटलं, आई, झाकण उघडलं की तास वाया जातो. ती म्हणाली, “मग खालच्या दारातून सरकव.” हवेच्या दारातून वांगी निखाऱ्यांच्या कडेला सरकवली. एवढ्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

हळूहळू उजाडलं आणि मी पहिल्यांदा पश्चिमेला नीट पाहिलं. माझी निळी रेघ तरंगत जाऊन समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या भोकातून आत शिरत होती. आत, जिथे समई असायची त्या भिंतीवर, त्या वर्षाचं कालनिर्णय तसंच लटकत होतं, नोव्हेंबरचं पान अजून न फाडलेलं. धूर त्याच्यापाशी जरा घोटाळायचा आणि पलीकडच्या भोकातून बाहेर पडायचा. आईनेही पाहिलं. म्हणाली, “आजोबांना बरं आहे का रे आता?” मला माहीत नव्हतं. दुपारी फोन करून विचारलं. बरे होते.

सव्वासातला खांदा केळीच्या पानात, वरून फॉइलमध्ये गुंडाळला. पावणेदहाला पारा पंच्याण्णववर आला. म्हणजे दहा तास पंचेचाळीस मिनिटं. या तापमानाला आतल्या कठीण पडद्यांचं जिलेटिन होतं आणि सुई लोण्यात शिरावी तशी शिरते. पारा काही म्हणो, सुई काय सांगते ते खरं. मग टॉवेलमध्ये बांधून रिकाम्या आइस-बॉक्समध्ये एक तास. हा तास सगळ्यात लांब.

सोडला तेव्हा खांद्याचं हाड बोटांनी ओढलं आणि ते धुतल्यासारखं कोरडं, पांढरं बाहेर आलं. बाहेरचा थर काळा, खडबडीत, कडेला अर्ध्या बोटाची गुलाबी पट्टी. सासरे म्हणाले, “कच्चं राहिलंय कडेला.” कच्चं नसतं ते. धुरातले वायू मांसाच्या रंगद्रव्याशी जोडले जातात आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. मी हे समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि मधला तुकडा घेतला. दोन काट्यांनी सगळं उलगडून त्यात उरलेला आगळ, गूळ आणि ठेचलेली मिरची. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीचा, लाकडाच्या भट्टीतला, खालून करपलेल्या कडांचा. पहिला घास खाऊन बायको म्हणाली, “सुक्या बोंबलांच्या डब्याचा वास येतोय. चांगल्या अर्थाने.” माझ्या मते एवढं अचूक कुणी बोललं नाही. लॉकहार्टची चॉप होती का ती? नाही. माझं मांस जरा जास्त मऊ झालं होतं आणि बॉटल मसाल्यातली दालचिनी धुरावर चढून बसली होती. पण घास गिळल्यावर मागून जो वास आला, तो शर्टाचा होता.

आईने त्या वांग्यांचं भरीत केलं, कच्चा कांदा आणि दही घालून. खाऊन म्हणाली की त्या पिंपातून निघालेली कामाची वस्तू ही एवढीच. संध्याकाळपर्यंत पोर्क बरंच उरलं होतं, भरीत साडेबारालाच संपलं.

त्यानंतर अख्खा खांदा मी गच्चीवर आणखी एकदाच केला. पुढच्या मे महिन्यात समोरची इमारत पाडली, आता तिथे नवी उभी राहतेय, आणि खिडक्यांत माणसं येतील. २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आमच्या कोपऱ्यावरच्याने भट्टी बदलली. पाव अजूनही चांगला आहे, फक्त खालची करपलेली कड गेली. मला त्या कडेची आठवण येते. नळी लावून बसलेले आजोबाही आठवतात, त्यामुळे मी याबद्दल कुठेही सही केली नाही, ना या बाजूने ना त्या. लांबची कामं आता वसईच्या वाडीत, वर्षातून दोनदा. गच्चीवर फक्त बांगडे, मिठाच्या पाण्यात मुरवून, दुपारच्या वाऱ्यात, पेरूच्या एका तुकड्यावर तासभर. आणि वांगी.

गेल्या महिन्यात आमच्याही सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर नवी गच्ची दाखवली. योगा डेक, ज्येष्ठ नागरिक कट्टा, आणि एका कोपऱ्यात ‘बार्बेक्यू झोन’, त्यात हसणारं गोरं कुटुंब. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. सेक्रेटरी काका तर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. मी विचारलं, कोळसा चालेल का? “नाही सर, इलेक्ट्रिक ग्रिल. स्मोकलेस.”

मागच्या रांगेतून आईने हात वर केला. “त्यावर वांगं भाजेल का हो?”

माणूस गोंधळला, म्हणाला, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.